घरातल्या एकट्या कुत्र्याला सोबती आणताय? खान्देशातल्या घरांसाठी पायरीपायरीने

जोडीचा कुत्रा गेला, मुलं शिकायला पुण्याला गेली, किंवा नवरा-बायको दोघंही नोकरीला लागले आणि घर दिवसभर बंद राहू लागलं, की मागे राहिलेला कुत्रा बदलतो. जळगावला आमच्या राजाचं तेच झालं. आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर, गेटची कडी वाजली की उड्या मारणारा, तो दुपारभर चपलांच्या स्टँडपाशी पडून राहू लागला. आज त्याच्यासोबत भुरी आहे. गाडीखाली येऊन जखमी झालेली, एका प्राणिमित्राने बरी केलेली गावठी कुत्री. हे दोघं एकाच सतरंजीवर झोपायला लागल्यापासून धुळे, चोपडा, शहाद्याकडचे ओळखीचे लोक फोन करून विचारतात की हे जमवलं कसं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो आहे.

पुढच्या प्रत्येक पायरीमागे एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. निवड घरातल्या कुत्र्याच्या स्वभावावरून करायची, आणि ओळख वाढवण्याचा वेग दोघांमध्ये जो जास्त घाबरलेला असेल त्याच्यावर सोडायचा. आपली हौस, मुलांचा हट्ट, फोटोतलं गोंडस पिल्लू हे सगळं त्यानंतर.

१. आधी बघा, तो खरंच एकटा पडलाय का

कुत्रा गप्प बसला म्हणजे त्याला सोबत हवी, असं सरळ धरू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचं सांधे दुखणं, किडनीचा त्रास, थायरॉइड, दातातलं दुखणं, गोचीड ताप, या सगळ्यांत तो असाच दिसतो: जेवण कमी, झोप जास्त, खेळण्यात मन नाही. आपल्याकडे गोचीड वर्षभर असतात, त्यामुळे गोचीड तापाची शंका तर आधी दूर करायला हवी. डॉक्टरांना दाखवा, रक्ताची तपासणी करा. दुखणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर उड्या मारणारं पिल्लू आणून सोडणं म्हणजे त्याच्या त्रासात भर.

तब्येत ठीक निघाली तर लक्षणं नीट बघा. तो फक्त तुम्ही बाहेर पडल्यावर ओरडतो, दार ओरबाडतो, लाळ गाळतो, आणि तुम्ही परत आलात की शांत होतो, तर त्याला दुसरा कुत्रा नाही, तुम्ही हवे आहात. अशा वेळी दुसरा कुत्रा आणून बरेचदा काही फरक पडत नाही, उलट नवाही पहिल्याचं बघून ओरडायला शिकतो. याला उपाय वेगळा आहे: थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय, सकाळी दमेपर्यंत फिरवणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांचा सल्ला.

सोबतीची खरी भूक ओळखायची सोपी खूण म्हणजे तो बाहेर दुसरा कुत्रा दिसला की काय करतो. शेपूट सैल हलवत पुढे जातो, वाकून खेळायला बोलावतो, त्या कुत्र्याला सोडून घरी यायला तयार नसतो, तर पुढे जा. दुसरा कुत्रा दिसताच अंग ताठ करतो, पाठीवरचे केस उभे राहतात, पट्टा तोडायला बघतो, तर थांबा. असा कुत्रा माणसांमध्ये आनंदी राहू शकतो, त्याच्यावर जोडीदार लादू नका.

पक्कं करायचा सगळ्यात चांगला मार्ग: ओळखीच्या कोणाचा शांत, लसीकरण झालेला कुत्रा काही वेळा घरी बोलवा. आमचा राजा पाहुणा कुत्रा गेल्यावर गेटपाशी जाऊन बसला, तेव्हा घरात पुढचं बोलणं सुरू झालं.

२. घरच्यांशी बोलणं

ही पायरी लोक गाळतात. दुसरा कुत्रा म्हणजे दुप्पट खर्च एवढंच नाही. सकाळी फिरवायला दोन हात लागतात, गावाला जायचं तर दोघांना सांभाळणारं कोणीतरी लागतं, लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलं की दोघांची सोय करावी लागते. आमच्या शेजारच्या आजींनी ऐकल्याबरोबर विचारलं होतं, "आते आनखी एक? जागा कोठे शे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आधी तयार ठेवा.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाकडून दोन ओळींची लेखी संमती घ्या. फ्लॅटमध्ये असाल तर हे माहीत असू द्या की सोसायटीला बहुमताचा ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून भांडत बसण्यापेक्षा खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी जाऊन सांगा. पुढे दुपारी नवा कुत्रा ओरडला तर त्या तुम्हालाच फोन करतील, सेक्रेटरीला नाही.

३. कोणता कुत्रा?

इथे वेळ घ्या.

वय. म्हाताऱ्या किंवा मध्यमवयीन कुत्र्याला दोन महिन्यांचं पिल्लू बहुधा झेपत नाही. पिल्लाचे दात सुईसारखे, दमायचं नाव नाही, आणि मोठ्याने "पुरे" म्हणून गुरगुरलेलं त्याला कळत नाही. दोन ते पाच वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा अशा घरात लवकर रुळतो. शिवाय मोठे कुत्रे दत्तक घ्यायला कोणी येत नाही, ते महिनोन्महिने वाट बघत असतात. एकाच विणीतली दोन पिल्लं मात्र एकदम आणू नका. ती एकमेकांतच रमतात आणि तुमचा जुना कुत्रा होता तिथेच राहतो.

नर की मादी. नर आणि मादी ही जोडी सहसा सोपी जाते. दोन माद्यांची भांडणं जुंपली तर ती मिटायला कठीण जातात. कोणतीही जोडी असो, दोघांची नसबंदी झालेली हवी. कुत्रीच्या गाभणपणाचे दिवस साधारण ६३ असतात, दोन महिन्यांच्या हलगर्जीने घरात सहा-सात पिल्लं होतात आणि मग त्यांना घरं शोधत फिरावं लागतं.

ताकद आणि चपळाई. तुमचा कुत्रा सकाळी चार पावलं चालून बसत असेल तर सारखं पळायला लागणारा तरुण कुत्रा नको. वजनात फार फरक असेल, घरात पामेरियन आणि येणारा चाळीस किलोचा, तर खेळातही लहानाला इजा होते.

जात. मी गावठीच घ्या म्हणेन, आणि मनापासून म्हणेन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दाट केसांच्या, चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे त्या दिवसांत हाल होतात, आखूड केसांचा गावठी ते सहन करतो. दुसऱ्या कुत्र्यांची भाषाही त्याला चांगली कळते, कारण तो चार कुत्र्यांत वाढलेला असतो. भुरीने राजाला पहिल्या भेटीत जे केलं ते कोणी शिकवलेलं नव्हतं, ते पुढे येईलच.

आणि एक. गल्लीत वर्षानुवर्षं राहणारा, चार घरी जेवणारा, आपली टोळी असलेला कुत्रा सुखात असेल तर त्याला उचलून बंद घरात आणू नका. ज्याला रस्त्यावर परत सोडता येत नाही असा शोधा: तीन पायांचा, एका डोळ्याने अधू, मालकाने सोडून दिलेला, आजारातून उठलेला.

४. शोधायचं कुठे?

मुंबई-पुण्यासारखी मोठी निवारा केंद्रं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. इथे काम चालतं ते एकट्यादुकट्या माणसांच्या जिवावर. म्हणून विचारायची ठिकाणं वेगळी आहेत.

पहिलं, तुमचे पशुवैद्यक आणि त्यांचा कंपाउंडर. बरा झालेला आणि कोणी न्यायला न आलेला कुत्रा कुठे आहे हे त्यांना नेमकं माहीत असतं. दुसरं, गावातले सर्पमित्र. लोक त्यांना सापासाठी बोलावतात आणि विहिरीत पडलेल्या कुत्र्यासाठीही. तिसरं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, म्हणजे आपण ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतो तो. चौथं, रोज रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणारी माणसं. प्रत्येक कॉलनीत एक तरी असतंच.

महापालिका किंवा नगरपालिकेकडेही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना स्थानिक संस्थेकडे अर्ज करायची मुभा दिली आहे. अट अशी की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची.

नाशिक, पुणे किंवा इंदूरहून आणायचा विचार असेल तर जाऊन, बघूनच ठरवा. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. आधीच घाबरलेल्या कुत्र्याला उन्हाळ्यात त्या पेटीत घालू नका. चारचाकीने, पहाटे निघून आणा.

इथला मोठा सापळा पैशाचा. "लॅब्रॅडॉर फ्री अडॉप्शन, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवा" असे मेसेज फिरतात. फोटो सुंदर असतात, पैसे गेले की नंबर बंद होतो. कुत्रा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. खरा प्राणिमित्र फार तर लस किंवा नसबंदीचा झालेला खर्च मागेल, त्याची पावती दाखवेल, आणि तुम्हालाच दहा प्रश्न विचारेल. प्रश्न विचारले म्हणून रागावू नका, न विचारणाऱ्यापासून सावध राहा.

५. कागदपत्रं आणि सामान

कागद थोडेच लागतात:

- आधार कार्डाची प्रत आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाची संमती
- दत्तकपत्र, म्हणजे दोन्हीकडच्या सह्यांचा साधा करार. त्यात "जमलं नाही तर कुत्रा परत घेऊ" ही ओळ लिहून घ्याच
- नव्या कुत्र्याची लसीकरणाची पुस्तिका. पानावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी
- नसबंदीचा दाखला. पालिकेच्या मोहिमेत झालेली असेल तर कानाच्या टोकाला कापल्याची खूण असते
- जुन्या कुत्र्याची पुस्तिकाही सोबत ठेवा, समोरचा मागतो आणि मागायलाच हवी

पाळीव कुत्र्याची नोंदणी किंवा परवाना याचे नियम गावागणिक वेगळे, म्हणून आपल्या पालिकेच्या आरोग्य विभागात विचारून घ्या.

सामान: अंगाला बसणारा हार्नेस (नुसता गळपट्टा नको, घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून त्यातून निसटतो), दोन मजबूत पट्टे, जेवणाच्या दोन वेगळ्या ताटल्या, पाण्यासाठी किमान तीन भांडी, दोन अंथरुणं, गोचिडांचं औषध, जंताचं औषध, आणि दाराला लावायला एक जाळी किंवा लाकडी फळी. जाळी सुताराकडून करून घ्या, स्वस्त पडते. तिच्यातून दोघं एकमेकांना बघू शकतात, हुंगू शकतात, पण पोहोचू शकत नाहीत. सगळ्या सामानात याच वस्तूचा सर्वात जास्त उपयोग झाला.

६. आणायचं कधी?

निवड तुमच्या हातात असेल तर दिवाळीचे फटाके संपल्यानंतर ते होळीपर्यंतचा काळ. थंडी असते, दोघांना लांब फिरवता येतं, डोकी शांत असतात. एप्रिल-मे टाळा. उन्हाने हैराण झालेले कुत्रे चिडचिडे होतात आणि सावलीच्या एका थंड फरशीवरून भांडतात. पोळा, गणपती, घरात कानबाईचा रोट, अशा गर्दीच्या दिवसांतही नको. घरात कोणीतरी आठवडाभर सुट्टी काढू शकेल असा काळ बघा.

७. आधी डॉक्टर, मग वेगळी खोली

नवा कुत्रा दिसायला कितीही निरोगी असो, गाडीतून उतरवून थेट जुन्याच्या पुढ्यात सोडायचा नाही. आधी दवाखाना. डॉक्टरांना हे बघायला सांगा: खरूज, गोचीड, जंत, रक्तात गोचीड तापाचे जंतू, आणि मोठा कुत्रा असेल तर लघवीच्या जागी गाठ किंवा रक्तस्राव. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ही संसर्गजन्य गाठ बऱ्यापैकी दिसते, ती हुंगण्या-चाटण्यातूनही पसरते, पण आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. खरजेचा एक प्रकार माणसांनाही होतो, तेव्हा तपासणी होईपर्यंत मुलांना जवळ घेऊ देऊ नका.

मग किमान १४ दिवस वेगळी खोली. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन रोग अंगात शिरल्यावर लगेच दिसत नाहीत, दिसायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, फिरायची जागा वेगळी, आणि नव्याला हात लावल्यावर साबणाने हात धुऊन मगच जुन्याकडे. रक्ताचे जुलाब आणि उलट्या दिसल्या तर रात्र जाऊ देऊ नका, पार्व्होत पिल्लू दोन दिवसांत जाऊ शकतं. हा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. साध्या फिनाईलवर विसंबू नका, ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं मिश्रण करून फरशी धुवा. तुमच्याकडे गेल्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू दगावलं असेल तर लसी पूर्ण न झालेलं पिल्लू त्या अंगणात आणूच नका, लसी झालेला मोठा कुत्रा आणा.

लसींचा क्रम थोडक्यात असा. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचा होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. मोठ्या कुत्र्याचा इतिहास माहीत नसेल तर डॉक्टर नव्याने सुरू करतात. घरातल्या जुन्या कुत्र्याच्या लसी चालू वर्षाच्या आहेत ना, हेही त्याच दिवशी तपासा. लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्याआधी झालेली बरी, आपल्या गल्ल्यांत साचणाऱ्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि तो रोग तिथूनच येतो.

चौदा दिवस नीट पार पडले की आधी वासाची ओळख. नव्याच्या अंगावर फिरवलेलं फडकं जुन्याच्या ताटलीजवळ ठेवा, जुन्याचं नव्याकडे. हुंगून खाऊ लागले की समजा सुरुवात बरी आहे.

८. पहिली भेट

घरात नाही, गेटवर नाही, तुमच्या अंगणात तर नाहीच. ती जुन्याची हद्द आहे. दोघांपैकी कोणाचीच नसलेली मोकळी जागा घ्या. नव्या कॉलन्यांतला रिकामा प्लॉट, शाळेचं सुट्टीतलं मैदान, शेताकडचा रुंद रस्ता. जळगावच्या मेहरूण तलावाकडे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि मोकाट कुत्रेही, धुळ्याला पांझरा नदीच्या काठी तसंच. तिथे पहिली भेट नको.

दोन माणसं, दोन पट्टे. वीस-पंचवीस फुटांचं अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने चालवा, समोरासमोर आणू नका. कुत्र्यांच्या रीतीत समोरून सरळ चालून येणं म्हणजे आव्हान. पट्टा सैल ठेवा. आपण घाबरून पट्टा ताणला की कुत्र्याला वाटतं समोर खरंच धोका आहे. पाच मिनिटं चाला, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, थोडं जवळ या, पुन्हा चाला. दोघं जमीन हुंगू लागले, अंग झटकलं, जांभया थांबल्या की मागच्या कुत्र्याला पुढच्याची शेपटीकडची बाजू तीन-चार सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून पुढे चला.

राजा तेव्हा ताठ झाला होता. शेपूट उंच, तोंड बंद. भुरीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती अर्धवर्तुळ करत बाजूने आली, मान वळवली, मातीत नाक खुपसलं आणि त्याला पाठ दाखवून उभी राहिली. राजाने हुंगलं, फुस्स करून श्वास सोडला आणि त्याची शेपूट खाली आली. घेऊन गेलेले चिकनचे तुकडे पिशवीत तसेच राहिले.

थांबायच्या खुणा लक्षात ठेवा: टक लावून बघणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ओठ वर ओढणं, अंग लाकडासारखं होणं. यांपैकी काही दिसलं तर ओरडू नका, दोघांना वळवून अंतर वाढवा. गुरगुरल्याबद्दल मारणं ही सगळ्यात घातक सवय. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना, ती मारून बंद केली तर तो पुढच्या वेळी न सांगता चावतो.

भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका, मानेचा पट्टा पकडायला जाऊ नका. घरातले चावे अशाच वेळी बसतात. स्टीलचं ताट जोरात आपटा, बादलीभर पाणी टाका, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा. कोणी माणसाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. हळद, चुना, तिखट लावू नका. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतःची लस टाळायची का, हा निर्णय डॉक्टरांचा.

९. घरात आल्यावरचे पहिले महिने

प्राणिमित्र तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात. तीन दिवस नवा कुत्रा भेदरलेला, तीन आठवड्यांत घराचा नेम कळतो, तीन महिन्यांत घर त्याचं होतं. ढोबळ आहे, पण धीर धरायला उपयोगी.

घरात आत जाताना जुना आधी, नवा मागून. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, आणि जेवून झालं की ताटल्या उचलून ठेवायच्या. उपाशी राहिलेला कुत्रा ताटलीवर कोणाला येऊ देत नाही, यात त्याचा दोष नाही. हाडं, चघळायच्या वस्तू, लाडकी खेळणी पहिले काही आठवडे उचलून ठेवा. रात्री आणि तुम्ही बाहेर असताना जाळीच्या दोन बाजूंना. "आता छान जमतंय" असं वाटलं तरी लक्ष नसताना दोघांना एकत्र सोडायची घाई नको.

जुन्याचा नेम मोडू नका. त्याला ज्या वेळी फिरवत होता त्याच वेळी, सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात तो बसत होता तो कोपरा त्याचाच. रोज थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा, नव्याला बाजूला ठेवून. लोक नव्याचे लाड करतात कारण त्याने सोसलेलं असतं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच कोपऱ्यात जातो.

घरात एकटं मांजर असेल तर पद्धत हीच, फक्त सगळं अधिक सावकाश, आणि मांजराला कुत्रा पोहोचणार नाही अशी उंच जागा हवीच. मांजराच्या मागे धावणारा कुत्रा त्या घरात आणू नका. प्राणिमित्राकडे असतानाच त्याला मांजर दाखवून बघा.

१०. खान्देशातल्या खास काळज्या

खाणं. आपल्याकडे उरलेली भाकरी आणि दूध कुत्र्याला घालायची पद्धत. भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर कुत्रा अंग धरत नाही. उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन, डाळ-भात, दही यांची जोड द्या. शिजवलेली हाडं नको, ती टोकदार तुटून आतड्यात रुततात. भरीत, शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा यांतलं काहीही ताटलीत जाऊ देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्यानेही ते विष जात नाही. द्राक्षं आणि बेदाणेही नको. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा, प्रेमाने घास भरवणारेच जास्त असतात.

ऊन. फिरणं सूर्य वर यायच्या आत आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवा, पाच-सात सेकंद ठेववली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. पत्र्याच्या शेडमध्ये बांधू नका. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लडखडणं दिसलं तर सावलीत घेऊन पोटावर, मांड्यांत, पंजांवर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा. बर्फाचं पाणी ओतू नका.

शेत. मळ्यात राहत असाल तर कपाशीवरच्या फवारणीची औषधं, रिकामे डबे, फवारणीचं उरलेलं पाणी, गोदामातलं उंदरांचं औषध हे सगळं कुलपात. नवा कुत्रा भुकेच्या सवयीने काहीही चाटतो. लाळ, थरथर, डोळ्यांतली बारीक झालेली बाहुली दिसली तर विषबाधा समजा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचा वावर असतो, केळीच्या बागांत तो दिवसाही दडून राहतो. रात्री दोघांनाही आत घ्या, बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

११. जमलंच नाही तर

काही जोड्या जमत नाहीत. वर सांगितलेलं सगळं करूनही रक्त निघेपर्यंत भांडणं होत असतील, किंवा जुना कुत्रा जेवणं सोडून पलंगाखालीच राहू लागला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि तरीही फरक पडला नाही तर वेगळं करा. त्यात कोणाचा पराभव नाही. पण नव्याला गावाबाहेर, हायवेच्या ढाब्यावर किंवा बाजाराच्या दिवशी गर्दीत सोडून येणं हा मार्ग नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भुकेने-तहानेने जनावराचे हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं गुन्हा आहे.

ज्याने कुत्रा दिला त्याला फोन करा, दत्तकपत्रातली ती ओळ यासाठीच लिहून घेतली होती. दुसरं घर मिळेपर्यंत त्याला जाळीपलीकडे ठेवा, फिरवणं चालू ठेवा. देताना लसीकरणाची पुस्तिका, नसबंदीचा दाखला, चालू औषधं, आणि एका कागदावर त्याच्या सवयी लिहून द्या: काय खातो, कशाला घाबरतो, मुलांसोबत कसा, मांजरासोबत कसा, कोणत्या हाकेला येतो. आणि तो कुत्र्यांशी का पटवून घेऊ शकला नाही हे लपवू नका, म्हणजे पुढच्या वेळी त्याला एकुलता एक म्हणून राहता येईल असं घर शोधता येईल.